पडदा काळा, पण यंत्र जिवंत

११ मार्च २०१३ रोजी लखनौच्या कॉल्विन तालुकदार कॉलेजात उत्तर प्रदेश सरकारच्या मोफत लॅपटॉप योजनेचे वाटप सुरू झाले. बारावी झालेल्या विद्यार्थ्यांना या योजनेत सुमारे १५ लाख लॅपटॉप मिळाले. त्यांत विंडोजच्या जोडीला उबुंटू लिनक्सही होते. स्क्रीनवर मुलायमसिंह आणि अखिलेश यादव यांची छबी झळके आणि ती काढायला गेल्यास लॅपटॉप बिघडतो, अशा बातम्या तेव्हा गाजल्या. त्यांतले राजकारण बाजूला ठेवले, तरी एक प्रश्न उरतो: स्क्रीनवरचे चित्र आणि यंत्राचे चालणे यांचा संबंध किती?

लिनक्सपुरते उत्तर आहे, फार थोडा. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतला तो कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा. खिडक्या आणि माउसचा बाण दाखवणारी एक्स विंडो प्रणाली त्याच्याही सात वर्षे आधी, १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत जन्मली. तिची जागा आता घेत असलेल्या वेलँडचे काम २००८ मध्ये सुरू झाले. गाभा आणि चित्र हे असे वेगवेगळे प्रोग्राम आहेत. म्हणूनच लिनक्सवरचे असंख्य सर्व्हर डेस्कटॉपशिवाय वर्षानुवर्षे चालतात. पडदा उघडला नाही, म्हणजे नटमंडळी आलीच नाहीत असे नव्हे.

बटण दाबल्यावर कामे क्रमाने होतात. फर्मवेअर यंत्राची तपासणी करते, ग्रब नावाचा प्रोग्राम कर्नल उचलतो, कर्नल हार्डवेअर ओळखतो, सिस्टिमडी एकेक सेवा सुरू करते. त्यानंतर लॉगिनची चौकट येते आणि सर्वांत शेवटी डेस्कटॉप. साखळी कोणत्या कडीला तुटली, हे शोधणे म्हणजेच निदान.

पहिली चाचणी सोपी आहे. काळ्या स्क्रीनसमोर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबा. नाव आणि पासवर्ड विचारणारी अक्षरे उमटली, तर गाभा शाबूत आहे आणि बिघाड बहुधा चित्राच्या थरात आहे. एका झटक्यात निम्म्याहून अधिक शक्यता बाद होतात.

पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पुन्हा लॉगिनचीच चौकट येत असेल, तर दोन संशयित आधी तपासावेत. एक, भरलेली डिस्क. डेस्कटॉप सुरू होताना छोट्या तात्पुरत्या फायली लिहाव्या लागतात. जागाच नसली की तो माघारी फिरतो. ‘डीएफ’ ही आज्ञा शिल्लक जागा दाखवते. दुसरा, फायलींची मालकी. प्रशासकाच्या अधिकाराने चित्रप्रणाली चालवली गेली असेल, तर घरच्या फोल्डरमधली एक्सऑथॉरिटी ही लपलेली फाइल प्रशासकाच्या नावे होऊ शकते. मग वापरकर्त्याला स्वतःच्याच घरात प्रवेश मिळत नाही.

अपडेटनंतर लगेच स्क्रीन काळी झाली, तर संशय ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर घ्यावा. एनव्हिडियाच्या कार्डांवर हा अनुभव अनेकांना येतो: कर्नल नवा आला, पण त्याच्यासाठी ड्रायव्हरचा भाग तयारच झाला नाही. ग्रबच्या यादीत जुना कर्नल सहसा टिकून असतो. तो निवडून यंत्र सुरू झाले, तर दोषी सापडला. ‘नोमोडसेट’ हा पर्याय दिल्यास कर्नल ग्राफिक्स कार्डाची खास मांडणी टाळून साध्या पद्धतीने स्क्रीन चालवतो. तो कायमचा इलाज नाही, पण दुरुस्तीपुरती वाट मोकळी होते.

यंत्र स्वतःही आपली तक्रार लिहून ठेवते. एक्सच्या नोंदवहीत गंभीर चुकीच्या ओळीपुढे कंसात ‘ईई’ अशी खूण असते. वेलँड असल्यास सिस्टिमडीच्या जर्नलमध्ये पाहावे. पहिली चूक महत्त्वाची, कारण पुढच्या अनेक चुका तिच्याच पोटी जन्मतात. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर यंत्र सुरू होऊनही कारण कळत नाही.

काहीच दिसत नसेल, तर पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स सुरू करून आधी फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. डिस्क धड असेल, तर त्या बहुधा सुरक्षितच असतात. तेव्हा दुकानदार ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणाला, तर लगेच मान डोलावू नका. चुकीची नोंद वाचलीत का, हे आधी विचारा.