मागच्या चाकांचं लॉक: समज आणि वस्तुस्थिती

गाडी 4x4 आहे म्हणजे चारही चाकं कायम ओढतात, अशी बहुतेकांची समजूत असते. मग पावसाळ्यात कच्च्या चढावर मागचं एक चाक आणि त्याच्या तिरप्या बाजूचं पुढचं एक चाक अधांतरी होतं. ती दोन गरगर फिरतात आणि जमिनीवरची दोन ढिम्म हलत नाहीत. गाडीत बिघाड झालेला नसतो. 4x4 चा दांडा फक्त पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना जोडतो. एकाच एक्सलवरच्या डाव्या-उजव्या चाकांचा मामला त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलच्या हातात असतो.

पण म्हणून डिफरन्शियलला दोष देऊ नये. घाटातल्या यू-वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. मागच्या दोन चाकांत दीड मीटर अंतर धरलं, तर 180 अंशांच्या वळणात हा फरक सुमारे 4.7 मीटर भरतो. वळण मोठं असो की लहान, फरक तेवढाच. दोन्ही चाकं एकमेकांना जखडलेली असती, तर दर वळणावर टायर तेवढे घासले असते.

‘सगळा जोर घसरणाऱ्या चाकाकडे जातो,’ हे वाक्य गॅरेजमध्येही ऐकू येतं. ते अर्धवट खरं आहे. घसरणारं चाक नुसतंच फिरत असल्याने इंजिनाची शक्ती तिथे वाया जाते, एवढं बरोबर. पण फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळजवळ सारखाच देतं. अडचण नेमकी या समानतेची आहे. चिखलातलं चाक 50 न्यूटन-मीटरलाच घसरत असेल, तर खडकावरच्या भक्कम चाकालाही तेवढाच जोर मिळतो. दोन्ही मिळून झाले 100, आणि तेवढ्यात गाडी चढत नाही. लॉक लावलं की दोन्ही चाकं एका वेगाने फिरायला बांधली जातात. मग खडकावरचं चाक आपल्या पकडीला झेपेल तेवढा जोर घेऊ शकतं. यात इंजिनाची ताकद रतीभरही वाढत नाही. दोन्ही चाकं निसरड्यावर असतील, तर लॉकही काही करू शकत नाही.

हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. बहुतेक ट्रॅक्टरांत उजव्या टाचेजवळ डिफरन्शियल लॉकचं पेडल असतं. भातखाचरात चिखलणी करताना एक चाक रुतून फिरू लागलं की आधी ते थांबू द्यायचं, मग पेडल दाबायचं, सरळ बाहेर पडायचं आणि वळण्याआधी सोडायचं. बंद जीपमध्ये बसलेल्या हौशी माणसाने ही शिस्त ट्रॅक्टरवाल्याकडून शिकावी, असं मला मनापासून वाटतं.

कारण सगळ्यात महागात पडणारा समज आहे ‘डोंगरात गेलं की लॉक लावून ठेवावं’ हा. लॉक असताना गाडी वळायला कुरकुरते, पुढची चाकं वळवली तरी नाक सरळच जाऊ पाहतं. डांबरी रस्त्यावर तर टायर आणि एक्सल शाफ्ट दोन्हींवर ताण येतो. त्याहून वाईट म्हणजे आडवा उतार. ओल्या लाल मातीच्या कडेकडेने जाताना साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरलं, तरी दुसरं स्थिर राहून गाडीला बाजूला सरकू देत नाही. लॉकमध्ये दोन्ही चाकं एकदम फिरतात आणि मागचा भाग दरीच्या दिशेने वाहत जातो. अशा ठिकाणी लॉक बंदच हवं.

‘अडकलो की लावू’ हेही चूक. चालकाने लावायच्या लॉकमध्ये दातांत दात अडकतात. एक चाक जोरात फिरत असताना बटण दाबलं, तर ते दात तुटू शकतात. अडथळा समोर दिसला की थांबून किंवा अगदी सावकाश सरकताना लॉक लावावं, पार झाल्यावर काढावं. काढताना ताण असेल तर ते लगेच सुटत नाही. ॲक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग सरळ केलं की बहुधा सुटतं.

नाशिकला बनणाऱ्या महिंद्रा थारच्या काही प्रकारांत मात्र बटणच नसतं. तिथे आहे ईटनचं मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल. दोन्ही चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण 100 फेऱ्यांचा फरक पडला की ते आपोआप जखडतं. चाक अगदी हळू फिरत राहिलं तर लॉक लागत नाही आणि मालकाला वाटतं, बिघडलंय. थोडा, पण सलग ॲक्सिलरेटर दिला की मागून ‘ठक्’ असा आवाज येतो आणि गाडी पुढे सरकते. तो आवाज तक्रारीचा नाही. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखामध्ये उलट, पुढे-मागे दोन्हीकडे चालकाने लावायची लॉक आहेत. सुझुकी जिम्नीत ब्रेकच्या मदतीने हेच काम होतं: फिरणारं चाक ब्रेकने दाबायचं, म्हणजे दुसऱ्याला जोर मिळतो. ही पद्धत कुचकामी अजिबात नाही, पण ती चाक घसरल्यानंतर जागी होते आणि लांबलचक चढावर ब्रेक तापतात. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल त्याहून वेगळं. ते जखडत नाही, फक्त चाकांच्या वेगातल्या फरकाला अटकाव करतं.

जुन्या गाडीत लॉक बसवायचं असेल, तर आधी मागे. चढावर वजन मागे जातं, मागचा एक्सल सहसा दणकट असतो आणि त्याला स्टिअरिंगचा भार नसतो. पण ‘दोन बोल्ट खोलले की झालं’ असं हे काम नाही. आपल्या एक्सलचं मॉडेल, शाफ्टच्या दात्यांची संख्या आणि क्राउन-पिनियन या गिअरजोडीचं गुणोत्तर जुळलं पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या एआरबीच्या एअर लॉकरसारख्या प्रकारात कॉम्प्रेसर, हवेची नळी आणि वायरिंगही येतं. आणि डिफरन्शियलचा पूर्ण कॅरियर बदलला की बेअरिंगचा ताण व क्राउन-पिनियनमधली फट शिम (पातळ चकत्या) घालून मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंत नव्याने बसवावी लागते, दातांना रंग लावून ठसा तपासावा लागतो. हे डायल गेजशिवाय, हाताच्या अंदाजाने करणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी देऊ नका. काही महिन्यांत क्राउन घोंघावायला लागेल. शिवाय लॉकमुळे एकाच शाफ्टवर पूर्वीपेक्षा खूप जास्त भार येऊ शकतो. त्यात टायर मोठे घातले असतील, तर शाफ्ट तुटण्याची वेळ आणखी जवळ येते.

वॉरंटीचं काय, हे कंपनीला लेखी विचारा. मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, म्हणून आरटीओ आणि विमा कंपनीलाही आधीच विचारलेलं बरं.

आणि पैसे हातात असले तरी आधी चांगले टायर घ्या, हवेचं मीटर आणि छोटा कॉम्प्रेसर घ्या, गाडीला ओढायचे भक्कम हुक आहेत का ते बघा. मऊ जमिनीवर टायरची हवा 30 वरून 20 पीएसआयच्या आसपास आणली, तर अनेकदा लॉकची गरजच पडत नाही. फक्त डांबरी रस्त्यावर येण्याआधी ती पुन्हा भरा.