उंदीर, कॅमेरा आणि फुकटचं सॉफ्टवेअर

हैदराबादच्या तारनाका भागात राष्ट्रीय पोषण संस्था आहे. डब्ल्यूएनआयएन/ओबी हा लठ्ठ उंदरांचा वाण तिथलाच. असा उंदीर किती हालचाल करतो, त्याच्या चरबीच्या पेशी केवढ्या आहेत, हे मोजायला आता ओपन सोर्स साधनं आहेत. त्यांच्याबद्दल गैरसमजही भरपूर.

फुकटचं म्हणजे कच्चं, हा नेहमीचा. एरवी ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणणारे आपण, प्रयोगशाळेत शिरलो की नेमकं उलट मानतो! ‘इमेजजे’ हा प्रोग्रॅम अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेत वेन रासबँड यांनी लिहिला आणि 1997 पासून तो जगभर वापरात आहे. त्याचा कोड कुणीही उघडून तपासू शकतो. महागड्या बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये ती सोय नसते. गफलत बहुधा वापरणाऱ्याकडून होते. स्लाइडच्या फोटोवर मायक्रॉनची मोजपट्टी बसवायची राहिली, की पेशीचा आकार पिक्सेलमध्ये येतो आणि दोन सूक्ष्मदर्शकांचे आकडे जुळत नाहीत.

संगणक सगळं आपोआप ओळखतो, असंही लोक धरून चालतात. 2018 साली आलेलं ‘डीपलॅबकट’ घ्या. उंदीर चौकोनी पेटीत सोडायचा, वर कॅमेरा. त्या व्हिडिओतल्या साधारण 200 चौकटींवर माणसानंच नाक, कान, शेपटीचं मूळ असे ठिपके लावायचे. मग उरलेल्या हजारो चौकटींत प्रोग्रॅम ते शोधतो. उंदराच्या अंगाला रंग फासावा लागत नाही, हा मोठा फायदा. पण पांढरा उंदीर पांढऱ्या तळावर सोडला किंवा प्रकाश बदलला, की ठिपके भरकटू शकतात. निकाल नजरेखालून घालावाच लागतो.

सॉफ्टवेअर आलं, आता प्राणी सुटले, हा समज मात्र सर्वांत भाबडा. एकाच व्हिडिओतून जास्त माहिती निघाली, ‘आर’ या सांख्यिकीच्या प्रोग्रॅममध्ये आधीच नमुन्याचं गणित मांडलं, तर प्राणी कमी लागू शकतात. गणित न करता फारच थोडे घेतले, तर निष्कर्ष निघत नाही आणि तेवढे जीव फुकट जातात. प्राण्यांना खरा पर्याय शोधणं हे वेगळं काम. 2023 मध्ये भारताच्या नवीन औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन मानवी पेशींवरच्या चाचण्या आणि संगणकी प्रारूपांनाही जागा मिळाली आहे.

खरा पर्याय मिळेपर्यंत नियम सरळ आहे. उंदरावर प्रयोग करायचा तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्यावी लागते आणि प्राणी किती, कशासाठी, हे अर्जात लिहून द्यावं लागतं. सॉफ्टवेअर कोणतंही वापरा, त्यातून सूट नाही.