विवाह संस्कार आणि वर्णभेदाचा कायदा

लॉस एंजेलिस हे अनेक वंशांचे, अनेक भाषांचे शहर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथील विमान कारखान्यांत निरनिराळ्या वर्णांचे कामगार खांद्याला खांदा लावून राबत होते. अशाच एका कारखान्यात आंद्रेया पेरेझ व सिल्व्हेस्टर डेव्हिस यांची ओळख झाली. दोघेही कॅथलिक. त्यांनी विवाहबद्ध होण्याचे ठरविले. परंतु १९४७ साली त्यांना विवाहाचा परवाना नाकारण्यात आला. मेक्सिकन वंशाची आंद्रेया कायद्याच्या लेखी 'श्वेत' होती, सिल्व्हेस्टर कृष्णवर्णीय होता आणि कॅलिफोर्नियात अशा विवाहास बंदी होती.

त्यांच्या मदतीस धावून आले डॅनियल मार्शल. हे श्वेतवर्णीय वकील शहरातील कॅथलिक आंतरवंशीय मंडळाचे अध्यक्ष होते. निरनिराळ्या वंशांच्या श्रद्धावंतांना एकत्र आणणारे हे मंडळ प्रापंचिकांच्या पुढाकाराने चालत असे. मार्शल यांचा युक्तिवाद साधा, पण मूलगामी होता. ख्रिस्तसभा वर्णावरून विवाह संस्कार नाकारीत नाही. मग शासनाने तो अडविणे म्हणजे धर्मस्वातंत्र्यावरच घाला घालणे होय.

हा लढा सर्वांनाच रुचला असे नाही. न्यायालयात साक्ष द्यावी, अशी विनंती मार्शल यांनी धर्मप्रांतातील वरिष्ठांना केली. ती मान्य झाली नाही. तरीही त्यांनी माघार घेतली नाही.

१ ऑक्टोबर १९४८ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी ती बंदी रद्द केली. न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांनी निकालपत्रात समान संरक्षणाच्या तत्त्वावर भर दिला. न्यायमूर्ती डग्लस एडमंड्स यांनी मात्र धर्मस्वातंत्र्याचा आधार घेऊन सहमती दर्शविली. त्यांचे एक मत विरुद्ध गेले असते, तर बंदी कायम राहिली असती. मार्शल यांचा युक्तिवाद असा फळास आला.

त्या वेळी अमेरिकेतील ३० राज्यांत असे कायदे होते. ते देशभर रद्द होण्यास १९६७ साल उजाडावे लागले. वंश व वर्ण यांवर आधारित भेदभाव देवाच्या योजनेविरुद्ध आहे, असे द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली स्पष्टपणे सांगितले. त्याच्या सतरा वर्षे आधी एका प्रापंचिकाने तीच श्रद्धा न्यायालयापुढे मांडली होती.

ख्रिस्तसभेची शिकवण धर्मपीठावरून ऐकणे सोपे असते. शेजाऱ्याच्या हक्कासाठी ती चव्हाट्यावर मांडणे कठीण. प्रापंचिकांचे पाचारण नेमके तेथेच आहे.