पाकीट परत आलं, पाटी राहिली

दसऱ्याच्या आदल्या दिवशी जो कधी दादरच्या फुलबाजारात गेला असेल, त्याला गर्दी म्हणजे काय हे सांगायला नको. पश्चिमेचा जिना उतरलं की आपले पाय आपले राहत नाहीत. मागचा ढकलतो, पुढचा अडवतो आणि दोन्ही बाजूंना झेंडूचे ढीग, आपट्याच्या फांद्या, भाताच्या लोंब्या. २०२३ साली, २३ ऑक्टोबरच्या सकाळी मीही त्या लोंढ्यात होतो.

एका मावशींकडून दोन किलो झेंडू घेतला, पैसे दिले, पिशवी खांद्याला लावली. चार पावलं गेलो असेन, सवयीने हात मागच्या खिशावर गेला. खिसा सपाट! पोटात गोळाच आला. सव्वादोन हजार रुपये, बँकेची कार्डं, रेल्वेचा पास, सगळं त्या पाकिटात.

शेजारी चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. डोक्यावर झेंडूची पाटी, अंगात मळका शर्ट. क्षणापूर्वीच तो मला घासून गेला होता. मला एवढा पुरावा पुरला. मी त्याचं मनगट धरलं आणि ओरडलो, "पाकीट काढ!"

पाटी कलंडली. फुलं रस्त्यावर सांडली आणि बघता बघता पायांखाली गेली. "काका, मी न्हाई घेतलं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. तोवर दहा-बारा माणसं जमली. एकाने काही न विचारता त्याच्या कानाखाली लगावली, दुसऱ्याने खिसे उलटे केले. निघाली थोडी चिल्लर. "साथीदाराला दिलं असेल," कोणीतरी म्हणालं आणि मला ते पटलंही. मुलगा रिकामी पाटी उचलून, मान खाली घालून निघून गेला.

घरी येऊन आधी कार्डं बंद केली, मग बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "अहो, डोक्यावर पाटी होती म्हणालात ना? मग त्याचे हात कुठे होते?"

दोन्ही हात वर होते. पाटीला. मी त्याचं मनगट धरलं तेही वरच. डोळ्यांसमोरची गोष्ट मला दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या संध्याकाळी फोन आला. त्याच मावशींचा मुलगा बोलत होता. दुकान आवरताना गोणपाट उचललं, तर खाली पाकीट. फुलं निवडायला वाकलो तेव्हा ते माझ्याच हातून निसटलं असणार. आत माझं व्हिजिटिंग कार्ड होतं, त्यावरून त्यांनी नंबर लावला.

बुधवारी गेलो. एक रुपया कमी नव्हता. मी पाचशेची नोट पुढे केली तर मावशी म्हणाल्या, "दादा, तुमचंच तुम्हाला दिलं. त्याचे पैसे कसले?" मग मी त्या मुलाची चौकशी केली. जुन्नरकडचे होते म्हणे. सणापुरता बापलेक माल घेऊन आले होते, दसऱ्याला दुपारी गावी गेले. मी म्हटलं, "निदान त्या पाटीचे पैसे तुमच्याकडे ठेवा." त्या म्हणाल्या, "मला कशाला? ज्याचे त्याला द्या."

२०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी ४० देशांतल्या ३५५ शहरांत सतरा हजारांहून अधिक पाकिटं, 'सापडली' असं सांगून, बँका, हॉटेलं, टपाल कचेऱ्या अशा ठिकाणच्या माणसांच्या हाती दिली. काही रिकामी, काही पैसे असलेली. लोकांचा अंदाज असा, की पैसे असतील तर पाकीट परत यायचं नाही. घडलं उलट. पैसे असलेली पाकिटंच जास्त प्रमाणात मालकांकडे परतली. सांगायचा मुद्दा हा, की माणसं आपण समजतो त्यापेक्षा बरी असतात. आपला अंदाज मात्र वाईट असतो.

आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्यात सापडलेल्या वस्तूचाही विचार आहे. दुसऱ्याची वस्तू ज्याने उचलून ठेवली, त्याने ती विश्वासाने ठेवायला दिल्यासारखी सांभाळावी, असं कलम ७१ सांगतं. त्या मावशींनी हे कलम वाचलेलं नव्हतं. वाचण्याची गरजही नव्हती.

माझी आजी म्हणायची, ज्याचं जातं त्याचं इमानही जातं. लहानपणी याचा अर्थ कळत नसे. वस्तू गेलेला माणूस दहा जणांवर संशय घेतो आणि चोरापेक्षा मोठं पाप करून बसतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर फुलबाजारात कळलं. माझं हरवलेलं मला दोन दिवसांत मिळालं. त्या मुलाचं चारचौघांत गेलेलं त्याला कोण आणून देणार?

तेव्हापासून दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी मावशींकडे जातो. झेंडू घेतो आणि पाटी घेतलेल्या मुलांचे चेहरे पाहत थोडा वेळ उभा राहतो. तो आता मोठा झाला असेल, मी ओळखेन असंही नाही. एका पाटीचे पैसे वेगळे काढून ठेवले आहेत. त्याच पाकिटात.