पुण्याच्या दप्तरांचा मागोवा

पुण्याच्या सांस्कृतिक वारशाचा विषय निघाला की शनिवारवाड्याचा तट आणि विश्रामबागवाड्याचा कोरीव सज्जा प्रथम डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु ज्या लेखणीने पेशवाईचा कारभार चालविला तिचे दप्तर हा त्याहून मोठा वारसा होय, आणि त्याची ओळख पटावयास या शहराला बराच काळ लागला.

1818 साली पेशवाई बुडाली आणि सरकारी दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे इनाम कमिशनने ते धुंडाळले, ते सनदा पडताळून कोणते इनाम कायम करावे व कोणते खालसा करावे हे ठरविण्यासाठी. या कागदांकडे आपला इतिहास म्हणून पाहण्याची दृष्टी महाराष्ट्रात दृढ केली ती विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी. 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध करून, पुढे गावोगाव पायपीट करीत, जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडणारे कागद मिळवून त्यांनी एकूण 22 खंड सिद्ध केले. 1910 साली त्यांनी व खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे यांच्यासारख्या विद्वानांनी त्याच्या सेवेत आयुष्य वेचले. सरकारी दप्तरातील निवडक कागदही गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली 1930 ते 1934 या काळात 45 खंडांतून प्रकाशात आले.

यांतला एखादा रुमाल, म्हणजे कागदांचे कापडी गाठोडे, सोडून पाहावा. आधी सबंध ओळीची शिरोरेघ ओढून तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता लिहिलेली मोडी, आणि सालाच्या जागी 'इहिदे सबैन मया व अलफ', म्हणजे सुहूर सन 1171, अर्थात इसवी 1770-71. मराठी मजकूर, फारसी वळणाची कारभारी परिभाषा आणि अरबी अंकनामे एकाच कागदावर सुखेनैव नांदतात. आपली संस्कृती किती प्रवाहांनी पुष्ट झाली आहे, याची याहून सबळ साक्ष दुसरी नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली, आणि आजोबांच्या हातचे खतपत्र नातवाला निरक्षराप्रमाणे न्याहाळावे लागू लागले. जो कागद वाचता येत नाही त्याचे वारस आपण नावापुरतेच. म्हणूनच वाड्यांच्या डागडुजीइतकीच मोडी वाचकांची नवी पिढी घडविण्याची निकड आहे. राजवाड्यांनी जे कष्टाने मिळविले त्याचा अर्थ लावणे हे आपले कर्तव्य असून ते टाळण्यास आपल्यापाशी कोणतीही सबब नाही.