बैलाचा गुडघा व माणसाचे मनगट

बैलास बोलता येत नाही. म्हणून त्याचे दुःख आपण स्वतःच्या देहावरून ताडतो. हे अनुमान पुष्कळदा खरे ठरते, तथापि काही ठिकाणी ते फसवे असते. याकरिता उभयतांतील साम्य व भेद शेतकरी बंधूंस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

मानेचे मणके दोघांसही सातच. दातही दोघांस ३२; मात्र बैलाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. पुढच्या पायाचा जो सांधा आपण गुडघा म्हणतो, तो रचनेने माणसाचे मनगट होय. आणि दुभंगलेला खूर म्हणजे दोन बोटांची नखे. माणसाच्या गळ्याशी जे आडवे हाड असते, ते बैलास मुळीच नाही. त्याचे पुढचे पाय केवळ स्नायूंनी धडास जखडलेले असतात, आणि जूही मानेच्या मांसावरच टेकते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण हळद-लोणी लावून खांदे शेकतो. ती काळजी पेरणी-डवरणीच्या दिवसांत अधिक हवी.

पोटाचा भेद याहून मोठा. बैलाच्या पोटाचे कप्पे चार, व रवंथास दिवसाचे सहा ते आठ तास लागतात. चारा टाकून लगेच जुंपल्यास रवंथास अवसर मिळत नाही. रवंथ थांबणे हे दुखण्याचे आरंभीचे लक्षण समजावे.

हाताला अंग गरम लागले म्हणजे ताप, हा समज चुकीचा. माणसाची उष्णता ९८.६ अंश फारेनहाइट, तर निरोगी बैलाची सुमारे १०१.५. माणसास सर्वांगी घाम येऊन थंडावा मिळतो; बैलास घाम कमी येतो, म्हणून तो धापा टाकतो. म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी फारच थोड्या. तिचे डुंबणे ही चैन नसून गरज आहे.

भातकुली-दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक भेद दिसतो. जे खारे पाणी माणूस थुंकून टाकतो, ते गुरे काही मर्यादेपर्यंत सोसतात. परंतु सोसणे म्हणजे मानवणे नव्हे. वासरे व दुभती जनावरे यांस शक्यतो गोडे पाणीच पाजावे.

सरकारने सन १९६५ च्या नियमांत गाडी ओढणाऱ्या जनावरांविषयी मर्यादा घातली आहे : दिवसात नऊ तासांहून अधिक काम नाही, विसाव्यावाचून सलग पाच तासांहून अधिक नाही, आणि उष्णमान ३७ अंश सेल्सिअसवर असता दुपारी १२ ते ३ जुंपणे नाही. वैशाखात वऱ्हाडात पारा सहज चाळिशी ओलांडतो. उन्हात मालक सावलीस जाऊ शकतो; जुंपलेला बैल जाऊ शकत नाही. तेव्हा त्याच्या वतीने घड्याळ पाहणे हे मालकाचेच कर्तव्य होय.