टोकियो स्थानकात शिंकान्सेन पकडताना

● बाजू : पश्चिमेला मारुनोउची, पूर्वेला याएसू. १९१४ची लाल विटांची इमारत मारुनोउचीकडे, तर शिंकान्सेनचे फलाट याएसूकडे. टॅक्सीवाल्याला ‘याएसू’ सांगावे.

● फलाट : १४ ते १९ वरून तोकाइदो मार्गाने नागोया, क्योतो, ओसाकाकडे, २० ते २३ वरून सेंदाई, निईगाता, कानाझावाकडे. कंपन्या वेगळ्या, प्रवेशद्वारेही वेगळी. तोकाइदोच्या पाट्या निळ्या, दुसऱ्या गटाच्या हिरव्या.

● तिकीट : कागदी तिकिटे बहुधा दोन असतात : एक मूळ भाड्याचे, दुसरे जलद गाडीचे. दोन्ही एकदमच यंत्रात सारावीत आणि पलीकडून आठवणीने उचलावीत. उतरल्यावर बाहेर पडताना ती पुन्हा लागतात.

● डबा : तोकाइदोची गाडी १६ डब्यांची, सुमारे ४०० मीटर लांब. फलाटावर डब्यांचे क्रमांक लिहिलेले असतात. रांग तिथेच लागते.

● सामान : बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरत असेल, तर तोकाइदोवर सामानाच्या जागेसह आसन आधीच आरक्षित करावे.

गाडी ठरल्या मिनिटाला सुटते. निदान दहा मिनिटे आधी आपल्या डब्याच्या खुणेपाशी उभे राहा.